काठाचा नकाशा: सोलापूरच्या पाणथळ जागा उपग्रहातून कशा मोजाव्यात

पाऊस सुरू झाला की सोलापूरच्या पेपरात रोज एक आकडा छापून येतो: उजनी धरण किती टक्के. ‘उजनी प्लसमध्ये’, म्हणजे उपयुक्त साठा शून्याच्या वर, हे दोन शब्द वाचून हायसं वाटत नाही असा माणूस जिल्ह्यात विरळाच. पण हा आकडा साठ्याचा आहे. पाणी कोणत्या गावाच्या शिवारात किती आत आलं, कुठे गुडघाभर उरलं, कुठे नुसता ओला गाळ राहिला, हे त्यातून कळत नाही. पाणथळ जागेचा सगळा व्यवहार तर त्या कडेवरच चालतो. रोहित पक्षी उथळ पाण्यातच चरतात, पाणी मागे सरलं की गाळपेर तिथेच होते, जनावरं तिथेच उतरतात आणि भराव घालून जागा बळकावायची तर तीही तिथूनच.

उपग्रहाची चित्रं वापरून या कडेचा नकाशा कसा करायचा, ते इथे पायरीपायरीने सांगतो. लेख कॉलेजात भूगोल किंवा पर्यावरण शिकणाऱ्यांसाठी, पक्षिमित्रांसाठी आणि आपल्या गावच्या तलावाबद्दल अर्ज-विनंत्या करून थकलेल्यांसाठी आहे. एक बरा लॅपटॉप आणि इंटरनेट एवढंच लागतं. लागणारी सॉफ्टवेअर आणि चित्रं फुकट मिळतात.

एक मत आधीच मांडतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात एकाच तारखेच्या चित्रावरून केलेला नकाशा हा फक्त त्या दिवशीच्या पाण्याचा नकाशा असतो. ऑक्टोबरात जिथे पाणी आहे तिथे फेब्रुवारीत हरभरा असतो आणि मेमध्ये तडकलेली जमीन. या तिन्ही अवस्था मिळून ती जागा पाणथळ ठरते. म्हणून किमान तीन तारखा हव्यात.

आधी ठरवा: नकाशा पाहून कोण काय ठरवणार

संगणक उघडण्यापूर्वी कागदावर एक वाक्य लिहा. ‘हा नकाशा पाहून अमुक जण तमुक ठरवतील.’ समजा ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून हिप्परग्याच्या म्हणजे एकरुख तलावाचा गाळ काढायचा आहे. जेसीबी कुठून उतरवायचा आणि कोणता उथळ पट्टा पक्ष्यांसाठी सोडायचा, हा एक प्रश्न. विजापूर रोडवरच्या धर्मवीर संभाजी तलावात, जुन्या सोलापूरकरांच्या कंबर तलावात, जलपर्णी कोणत्या महिन्यात कुठून पसरायला लागते आणि काढायची मोहीम कधी घ्यावी, हा दुसरा. तलावाच्या किती जवळ बांधकाम होऊ द्यायचं, हा तिसरा. पहिल्याला उन्हाळ्यातला उथळ पट्टा लागेल, दुसऱ्याला दर महिन्याचं चित्र लागेल आणि तिसऱ्याला कायद्यापुढे टिकेल अशी रेषा लागेल. तिन्ही कामं एकाच नकाशात उरकायला गेलात तर एकही धड होणार नाही.

कायद्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण नवीन माणूस इथेच अडतो. केंद्राचे पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम २६ सप्टेंबर २०१७ पासून लागू आहेत. त्यांच्या व्याख्येतून नदीचं पात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय आणि सिंचन, मत्स्यशेती, मीठ उत्पादन किंवा करमणूक यांसाठी मुद्दाम केलेली बांधकामं वगळली आहेत. ही ओळ सोलापुरात फार बोचते. आपल्याकडचं बहुतेक पाणी माणसानेच अडवलेलं. उजनी धरणाचं, हिप्परगा दीडशे वर्षांपूर्वी ब्रिटिशांनी सिंचनासाठी बांधलेला, अक्कलकोटकडचं कुरनूर हेही धरणच. ‘आमचा तलाव पाणथळ म्हणून अधिसूचित करा’ असा अर्ज या ओळीवर अडू शकतो. त्यामुळे तलाव मुळात कशासाठी बांधला, याचा कागद नकाशाच्या आधी शोधा. अधिसूचना झाली नाही तरी नकाशा वाया जात नाही. गाळ, जलपर्णी, सांडपाणी, मासेमारीचा ठेका, अतिक्रमण हे सगळे निर्णय त्याशिवायही होत असतात.

त्याच नियमांच्या चौथ्या नियमात एक अंतर दिलं आहे. नियम लागू झाल्याच्या तारखेपासून मागच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत होड्यांचे धक्के सोडून कायमस्वरूपी बांधकाम नको. म्हणजे २००७ ते २०१७ या काळातलं पाणी पाहायचं. हे ऐकून नवशिक्या थेट लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेची जुनी चित्रं उतरवायला घेतो. लँडसॅट-५ नोव्हेंबर २०११ मध्ये थांबला आणि लँडसॅट-८ २०१३ मध्ये सुरू झाला. मधल्या २०१२ साली फक्त लँडसॅट-७ होता आणि त्याच्या चित्रांत २००३ पासून माहिती नसलेले रिकामे पट्टे आहेत. शिवाय लँडसॅटचा पिक्सेल, म्हणजे चित्रातला सर्वांत लहान चौकोन, ३० मीटरचा. ५० मीटरची रेषा जेमतेम पावणेदोन पिक्सेलांत काढायची झाली. त्या चित्रांवरून ‘हे बांधकाम ५० मीटरच्या आत आहे’ असं छातीठोक सांगू नका. पूरपातळी ही मीटरमधली उंची आहे. ती धरणाच्या नोंदवहीतून घ्यायची आणि उपग्रहाच्या मदतीने जमिनीवर उतरवायची. कशी ते पुढे येईल.

आणखी एक आकडा लक्षात असू द्या: २.२५ हेक्टर. इस्रोच्या अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राने केलेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात यापेक्षा मोठ्या जागाच स्वतंत्र क्षेत्र म्हणून काढल्या आहेत, लहानांना नुसता ठिपका. १:५०,००० च्या कागदावर ही जागा ३ मिलिमीटर बाय ३ मिलिमीटरची होते. पुढच्या आवृत्तीतल्या २,३१,१९५ जागांची प्रत्यक्ष पाहणी आणि सीमांकन तीन महिन्यांत पुरं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०२४ रोजी राज्यांना सांगितलं. तुमच्या तालुक्यातला साडेपाच एकरांहून लहान गावतलाव मात्र त्या यादीत सहसा नसणार. तो नकाशावर आणणं हेच कदाचित तुमचं सर्वांत उपयोगाचं काम ठरेल.

हद्द जिल्ह्याची नको, पाण्याची घ्या

क्यूजीआयएस हे नकाशे करायचं फुकट सॉफ्टवेअर उघडा, प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, यूटीएम ४३ उत्तर ठेवा. सॉफ्टवेअरच्या यादीत ते ईपीएसजी ३२६४३ या क्रमांकाने सापडतं. अंश-मिनिटांच्या प्रक्षेपणात क्षेत्रफळ काढायला जाऊ नका, हेक्टर चुकतात.

कामाचं क्षेत्र कापताना जिल्ह्याची सीमारेषा कात्री म्हणून वापरायचा मोह होतो. उजनीवर ती वापरली तर अर्धा जलाशय हातचा जातो. भिंत माढा तालुक्यात, पण मागचं पाणी करमाळ्याबरोबर पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर-भिगवणपर्यंत आणि अहिल्यानगरच्या कर्जतपर्यंत पसरलेलं. पक्षी जिल्हा बघून उतरत नाहीत आणि पुण्याकडून येणारं सांडपाणीही सीमेवर थांबत नाही. पूर्ण भरलेल्या जलाशयाच्या बाहेर किलोमीटर-दोन किलोमीटरची पट्टी धरून क्षेत्र ठरवा. तालुका आणि गाव यांची विभागणी अगदी शेवटी करा.

तारखा निवडणं

पहिली तारीख परतीचा पाऊस संपून आभाळ निवळल्यावरची, ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबर. तलाव तेव्हा त्या वर्षातला सर्वांत भरलेला असतो. दुसरी जानेवारी-फेब्रुवारीची. पाणी सरायला लागलेलं असतं, पट्टकदंब हंस, चक्रवाक, रोहित आलेले असतात आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर पेरा झालेला असतो. तिसरी मेअखेरची.

वर्षही पारखून घ्या. २०२३ मध्ये उजनी भरलीच नाही आणि २०२४ च्या उन्हाळ्यात ती खोल मायनसमध्ये गेली. त्याच वर्षीच्या पावसात पुन्हा भरली. मे २०२४ आणि ऑक्टोबर २०२४ ही जोडी शिकण्यासाठी उत्तम, कारण जलाशयाच्या दोन टोकाच्या अवस्था पाच महिन्यांत दिसतात. पण निर्णयासाठी फक्त असं टोकाचं वर्ष घेतलंत तर नकाशा फसवा होईल. एक चांगलं, एक मध्यम आणि एक दुष्काळी अशी तीन वर्षं घेता आली तर फार बरं.

चित्र कोणतं आणि कुठून

सुरुवात सेंटिनेल-२ पासून करा. युरोपीय अंतराळ संस्थेच्या या उपग्रहजोडीची चित्रं साधारण दर पाच दिवसांनी मिळतात. ‘कोपर्निकस ब्राउझर’मध्ये खातं उघडून ती फुकट उतरवता येतात. निळा, हिरवा, लाल आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त हे चार बँड, म्हणजे प्रकाशाच्या वेगवेगळ्या पट्ट्यांत टिपलेली चित्रं, १० मीटरचे, तर लघुतरंग अवरक्त बँड २० मीटरचे. १० मीटरचा एक पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर, आणि आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ एक गुंठा. हे समीकरण गावात फार कामाला येतं. ‘रिझोल्यूशन’ समजावत बसण्यापेक्षा ‘याला एका गुंठ्याहून बारीक दिसत नाही’ म्हटलं की समोरचा लगेच मान हलवतो.

भारतीय उपग्रहांची चित्रं हवी असतील तर राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या ‘भूनिधी’वर पाहा. नुसती नजर टाकायला ‘भुवन’ पुरेसं आहे. बरीच वर्षं एकदम हाताळायची असतील तर गुगल अर्थ इंजिन शिका. व्यावसायिक कामासाठी नसेल तर ते फुकट आहे आणि चित्रं उतरवावी लागत नाहीत. पण पहिला नकाशा क्यूजीआयएसमध्येच हाताने करावा असं मी आग्रहाने सांगेन. पाण्याची कड कुठे धूसर होते हे डोळ्यांना एकदा कळलं की पुढे संगणकाने दिलेलं चुकीचं उत्तर ओळखू येतं.

सेंटिनेल-२ मध्ये दोन खाचा आहेत. ‘लेव्हल-२ए’ घ्या, त्यात वातावरणाचा परिणाम काढलेला असतो. आणि २५ जानेवारी २०२२ नंतरच्या चित्रांत प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवताना हे वजा केले नाहीत तर पाणी वाढलं की कमी झालं याचं उत्तरच बदलेल. अर्थ इंजिनमध्ये ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संग्रह घेतला की हा त्रास वाचतो.

गणिताआधी नजर

निकट-अवरक्त, लाल, हिरवा या क्रमाने बँड लावून छद्मरंगी चित्र बनवा. पाणी काळं-निळं आणि हिरवं पीक लालभडक दिसेल. तलावात लाल गोळे दिसले तर ती जलपर्णी किंवा पाणकणीस. ओला गाळ करडा-निळसर दिसतो. पंधरा मिनिटं नुसतं फिरा. टेंभुर्णीपासून करमाळ्याच्या बाजूने पाण्याची बोटं शिवारात कशी शिरली आहेत ते बघा. ढग आणि विशेषतः ढगांची सावली कुठे पडली आहे तेही टिपा, कारण सावली पाण्यासारखीच काळी असते. लेव्हल-२ए सोबत येणाऱ्या वर्गीकरणाच्या थरात ढग आणि सावली यांचे वेगळे क्रमांक असतात. ते वापरून हे भाग झाकून टाका.

निर्देशांक आणि उंबरठा

आता क्यूजीआयएसमधला रास्टर कॅल्क्युलेटर, म्हणजे पिक्सेलांच्या आकड्यांवर गणित करायचं साधन. पाणी निकट-अवरक्त प्रकाश जवळजवळ गिळून टाकतं आणि वनस्पती तो जोरात परत फेकते. याच फरकावर मॅकफीटर्स यांनी १९९६ मध्ये एनडीडब्ल्यूआय हा पाणी ओळखायचा निर्देशांक मांडला: हिरव्यातून निकट-अवरक्त वजा करा आणि दोघांच्या बेरजेने भागा. समजा स्वच्छ पाण्यावरून हिरवा ६ टक्के आणि निकट-अवरक्त २ टक्के परततो. उत्तर आलं ०.५. ज्वारीच्या रानात हिरवा ८, निकट-अवरक्त ४० असेल तर उणे ०.६७. शून्याच्या वर पाणी, खाली जमीन. पुस्तकात इतकं सोपं असतं.

उन्हाळ्यातली उजनी हे पुस्तक मानत नाही. पाणी कमी झालं की त्यावर शेवाळ दाटतं आणि रंग हिरवागार होतो. अशा पाण्यावरून हिरवा ९ आणि निकट-अवरक्त १० परतला तर निर्देशांक उणे ०.०५ येतो आणि भर जलाशयाचं पाणी नकाशात जमीन म्हणून उतरतं. इथे शू यांचा २००६ चा सुधारित निर्देशांक, एमएनडीडब्ल्यूआय, उपयोगी पडतो. त्यात निकट-अवरक्तच्या जागी लघुतरंग अवरक्त घेतात. तो २ असेल तर उत्तर ०.६४, पाणी पुन्हा पाणीच. एमआयडीसीतली पत्र्याची छपरं पहिल्या निर्देशांकात कधीकधी पाणी म्हणून चमकतात, तीही दुसऱ्यात दबतात. किंमत एवढीच की लघुतरंग बँड २० मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा एक ठोकळा. मोठ्या जलाशयाला दुसरा निर्देशांक वापरा, लहान तळ्याला पहिला, आणि दोन्हींची उत्तरं जिथे जुळत नाहीत तिथे स्वतः बघा.

उंबरठा, म्हणजे पाणी आणि जमीन वेगळी करणारा आकडा, शून्यावरच ठेवा असं कुणी सांगितलं तर मानू नका. ओला गाळ शून्याच्या जरा खाली बसतो, कोरडी काळी जमीन बरीच खाली. उंबरठा किंचित सरकवला तरी सपाट काठावर कड खूप हलते. ओत्सू पद्धतीने संगणक स्वतः उंबरठा सुचवतो, तो सुरुवातीला ठीक आहे. पण तलावाचं क्षेत्र आजूबाजूच्या जमिनीच्या मानाने फारच लहान असेल तर ही पद्धत भरकटते, म्हणून चित्र तलावाजवळ कापूनच चालवा. मी दोन उंबरठे ठेवतो, एक उघड्या पाण्याचा आणि त्याखालचा ओलाव्याचा. दोन्हींमधला पट्टा वेगळ्या रंगात काढा. काठ म्हणतात तो हाच.

आभाळ भरलेलं असताना

जुलै-ऑगस्टात ढगांमुळे सेंटिनेल-२ आंधळा होतो. तेव्हा सेंटिनेल-१ चं रडार घ्या, त्याला ढगांची आणि रात्रीची अडचण नाही. शांत पाणी रडारची लहर आरशासारखी पलीकडे उडवतं, म्हणून काळं दिसतं. पण वाऱ्याने लाटा उठल्या की तेच पाणी उजळतं, आणि पावसाळ्यात आपल्या माळावर वारा किती सुटतो ते सांगायला नको. उलट विमानतळाची धावपट्टी आणि सपाट केलेलं कोरडं रान रडारला पाण्यासारखं काळं दिसतं. पाण्यात उभं पाणकणीस असेल तर ते खूप उजळ येतं. सुरुवातीला रडारचा उपयोग पुराची पसरण पाहण्यापुरता ठेवा.

तीन तारखा एकावर एक

तिन्ही तारखांचे थर एकत्र केले की प्रत्येक पिक्सेलला एक छोटी गोष्ट मिळते. तिन्ही वेळा पाणी, तर बारमाही. ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत पाणी पण मेमध्ये कोरडं, तर हंगामी. ऑक्टोबरात पाणी आणि फेब्रुवारीत ओला गाळ, तर तो उथळ पट्टा. शेकाट्या आणि चित्रबलाक तिथे सापडतील. ऑक्टोबरात पाणी आणि फेब्रुवारीत हिरवं, तर बहुधा गाळपेर. तिन्ही वेळा हिरवं आणि पाण्याला चिकटून असेल तर पाणकणीस, बेशरम किंवा जलपर्णी. यातली जलपर्णी ओळखायची युक्ती आहे: पाच-दहा दिवसांच्या अंतराची दोन चित्रं बघा. जलपर्णी वाऱ्याबरोबर जागा बदलते, पाणकणीस हलत नाही.

गाळपेरीला नुसती ‘शेती’ म्हणून नकाशातून बाहेर काढू नका. ती पाण्याखालची जमीन आहे, काही महिने शेत होते एवढंच. तसंच तिला ‘अतिक्रमण’ असाही शिक्का मारू नका. काहींना ती रीतसर मिळालेली असते. २०१७ च्या नियमांनुसार जो संक्षिप्त दस्तऐवज करायचा असतो त्यात अक्षांश-रेखांशांसह डिजिटल नकाशा, प्रत्यक्ष पडताळणी आणि पाणथळ जागेचं प्रभावक्षेत्र यांबरोबर लोकांचे आधीपासूनचे हक्कही नोंदवायचे असतात. तुमचा ‘गाळपेर’ हा वेगळा रंग तिथे थेट उपयोगी पडतो.

आता पूरपातळीचं राहिलेलं. धरणाची रोजची पाणीपातळी मीटरमध्ये नोंदलेली असते. उजनी पूर्ण भरते ४९६.८३ मीटरला आणि शून्य टक्के होते ४९१.०३ मीटरला. मधलं अंतर ५.८० मीटर, आणि त्या उभ्या पट्ट्यात उपयुक्त साठा आहे ५३.५७ टीएमसी. ज्या दिवशी पातळी ४९४ मीटर होती त्या दिवशीच्या चित्रातली पाण्याची कड म्हणजे जमिनीवर आखलेली ४९४ मीटरची समोच्च रेषा, म्हणजे सारख्याच उंचीच्या जागा जोडणारी रेषा. अशा आठ-दहा तारखांच्या कडा एकावर एक ठेवल्या की काठाचा उतार समोर येतो. कडा जिथे दूरदूर आहेत तिथे जमीन सपाट आणि पाणी उथळ, जिथे चिकटलेल्या आहेत तिथे उतार तीव्र. गाळ कुठून काढायचा, कुठली उथळ जागा सोडायची, पाणी अर्धा मीटर जास्त चढलं तर कोणतं शिवार भिजेल, याची उत्तरं या एका नकाशात मिळतात. पूर येत असताना जलाशयाच्या वरच्या टोकाला पाणी भिंतीजवळच्या पाण्यापेक्षा उंच असतं, म्हणून स्थिर दिवसांची चित्रं घ्या. नवशिक्याने एकच गोष्ट नीट शिकायची ठरवली तर ती ही शिकावी.

तोतये

शेततळी. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं मोठ्यात मोठं तळं ३० बाय ३० मीटरचं. ते सेंटिनेलच्या जाळीवर नीट बसलं तर नऊ पिक्सेल, तिरकं बसलं तर पूर्ण पाण्याचे चारच. प्लॅस्टिकचं अस्तर घातलेल्या तळ्याला ना उथळ काठ ना गाळ, त्यामुळे ते पाणथळ जागांच्या बेरजेत येऊ नये. आकार चौकोनी, कडा सरळ, वर्षभर क्षेत्र तेवढंच, या खुणांवरून वेगळं काढा. कालवे, खाणीतले खड्डे आणि नुकतंच पाणी दिलेलं काळं रानही तपासा. उन्हाळ्यात दगडखाणीतलं पाणी टिकून असलं की नकाशा तिला ‘बारमाही’ म्हणतो आणि गावतलाव मात्र हंगामी ठरतो.

पायाखालची पडताळणी

उपग्रह ज्या दिवशी वरून जातो त्याच्या दोन-तीन दिवसांत प्रत्यक्ष जा. महिन्याने गेलात तर कड भलतीकडेच असते. फोनवर ‘क्यूफिल्ड’ हे क्यूजीआयएसचे नकाशे उघडणारं ॲप टाकून नकाशा सोबत न्या. फोनची जागा उघड्यावर चार-पाच मीटर इकडेतिकडे होते, ते १० मीटरच्या पिक्सेलला चालतं. ठिपके आधी संगणकावरच प्रत्येक वर्गातून यदृच्छेने निवडा, वर्गाला निदान पन्नास. रस्त्याकडेचे सोयीचे ठिपके घेतलेत तर अचूकता खोटी चांगली येते.

गाळावर पाय टाकताना जपून. वरून तडकलेला दिसतो, आत कमरेएवढी दलदल असते. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय उतरू नका. आणि विचारायचं ते मासेमारी करणाऱ्यांना, गुराख्यांना. ‘मामा, ही पाणथळ जागा आहे का?’ या प्रश्नाला काही अर्थ नाही. ‘मामा, दिवाळीत पाणी कुठवर होतं?’ असं विचारा. ते बोट दाखवतील ती जागा फोनवर टिपा. फोन आणि नकाशा घेऊन हिंडणारा माणूस म्हणजे मोजणीवाला, असा संशय येतो. आपण कोण, कशासाठी आलो, नकाशा कुणाला देणार, हे पहिल्या मिनिटात सांगून टाका.

परत आल्यावर तक्ता मांडा: नकाशा काय म्हणतो आणि जमिनीवर काय सापडलं. समजा गाळपेर म्हणून रंगवलेल्या ५० पैकी ३८ ठिकाणी खरंच गाळपेर होती. त्या वर्गाची खात्री ७६ टक्के. पण उलट बाजूही पाहा. जमिनीवर जिथे गाळपेर आहे त्यातली किती नकाशाने पकडली? हक्कांची नोंद करायची असेल तर ही दुसरी बाजू महत्त्वाची, कारण सुटलेलं प्रत्येक शेत म्हणजे नोंदीतून सुटलेलं एक कुटुंब. ‘एकूण अचूकता ९२ टक्के’ असा एकच आकडा लिहून मोकळं होऊ नका. बारमाही पाणी सगळ्यांनाच ओळखू येतं, त्याच्या जोरावर एकूण आकडा फुगतो आणि काठाची चूक झाकली जाते.

नकाशा हातात देताना

अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती हेक्टर, आणि कोणत्या गावात? म्हणून गाववार तक्ता नकाशाच्या बरोबरीने द्या, हेक्टरसोबत एकरही लिहा. ए-३ कागदावर मराठी सूची, प्रत्येक चित्राची तारीख, त्या दिवशीची धरणाची पातळी, वापरलेले उंबरठे, सोडून दिलेलं किमान क्षेत्र आणि वर्गवार अचूकता, हे सगळं त्याच पानावर हवं. वेगळ्या अहवालात टाकलेली माहिती नकाशापासून पहिल्याच आठवड्यात तुटते. सोबत जिओपॅकेज द्या, म्हणजे दुसऱ्याला पुढचं काम करता येईल, आणि केएमएल द्या, म्हणजे ग्रामसेवकाला ते फोनवर उघडता येईल.

गट क्रमांक मागितले जातीलच. महाभूनकाशावरचे गाव नकाशे उपग्रहाच्या चित्रावर ठेवले की काही मीटर सरकलेले आढळतात, कुठे कुठे त्याहून जास्त. बांध, विहीर, ओढा अशा दोन्हीकडे दिसणाऱ्या खुणा धरून ते आधी जुळवून घ्या. तरीही ज्या गटाचा एखाद-दुसरा पिक्सेलच पट्ट्यात येतो त्याचं नाव यादीत घालू नका. त्या गटांची ‘मोजणी आवश्यक’ अशी वेगळी यादी करा आणि ती भूमी अभिलेख कार्यालयाकडे द्या.